विचारण्याचा पायंडा

अमेरिकेच्या राज्यघटनेत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीबद्दलची तरतूद अगदी त्रोटक आहे. राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवायचं आणि सिनेटच्या सल्ल्याने व संमतीने नेमणूक करायची. समिती, सुनावणी, शपथेवर प्रश्नोत्तरं यांपैकी कशाचाही तिथे उल्लेख नाही. तरीही आज तिथे कुणी न्यायाधीश होणार असेल, तर आधी त्याला सिनेटच्या न्यायिक समितीपुढे उजवा हात वर करून शपथ घ्यावी लागते आणि देशासमोर उत्तरं द्यावी लागतात. ही पद्धत कुणा एकाने बसून आखलेली नाही. प्रसंग पडत गेले, तसे पायंडे पडत गेले आणि त्यांतून ती उभी राहिली.

न्यायिक समिती १८१६ साली स्थापन झाली. सिनेटच्या पहिल्या स्थायी समित्यांपैकी ती एक. सर्वोच्च न्यायालयाखेरीज जिल्हा पातळीवरची आणि अपिलाची संघराज्य न्यायालयं, सरकारी वकील, खुद्द ॲटर्नी जनरल अशी कितीतरी नावं तिच्याकडे येतात. त्यामुळे समितीचं बहुतेक काम गाजावाजाविना चालतं. जिल्हा न्यायालयासाठी सुचवलेले चार-पाच जण एकाच टेबलाशी ओळीने बसतात, मोजके सदस्य प्रश्न विचारतात आणि सुनावणी संपते. चंदीगडमध्ये जन्मलेले वकील श्री श्रीनिवासन २०१३ मध्ये याच वाटेने वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात गेले. सिनेटने ९७ विरुद्ध ० मतांनी त्यांना संमती दिली.

सुनावणीचा दिवस लोकांना दिसतो, पण काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. नाव आलं की समिती एक लांबलचक प्रश्नावली पाठवते. आजवरच्या नोकऱ्या, लढवलेले खटले, लिहिलेले लेख, दिलेली भाषणं, मिळकत, सगळं त्यात मांडावं लागतं. एफबीआय गोपनीय चौकशी करते. दोन्ही पक्षांच्या सदस्यांकडे वकील मंडळी कामाला असतात. ती जुनी निकालपत्रं वाचून प्रश्न काढतात. जिल्हा न्यायालयासाठी नाव असेल तर त्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांकडे निळा कागद जातो. तो परत आला नाही, तर काम सहसा तिथेच थांबतं. या निळ्या कागदालाही कायद्याचा आधार नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेली ती एक रीत आहे आणि ती किती पाळायची, हे समितीचे अध्यक्ष ठरवतात.

प्रत्यक्ष सुनावणीत ज्येष्ठतेच्या क्रमाने, दोन्ही पक्षांचे सदस्य आळीपाळीने आणि ठरावीक वेळात प्रश्न विचारतात. सर्वोच्च न्यायालयासाठीचं नाव असेल तर बाजूने आणि विरोधात बोलणारे बाहेरचे साक्षीदारही येतात. मग लेखी प्रश्न जातात, त्यांची लेखी उत्तरं येतात आणि शेवटी समितीत मतदान होतं. समिती अनुकूल किंवा प्रतिकूल शिफारस करू शकते. शिफारशीविनाही नाव पुढे पाठवू शकते. अंतिम मत मात्र पूर्ण सिनेटचं.

सर्वोच्च न्यायालयासाठीची पहिली खुली सुनावणी झाली १९१६ मध्ये, लुईस ब्रँडाइस यांच्या नावावर. बड्या रेल्वे आणि विमा कंपन्यांशी भिडणारे वकील म्हणून ते ओळखले जात आणि या न्यायालयासाठी सुचवलं गेलेलं पहिलं ज्यू नाव त्यांचं होतं. माजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्यासह वकीलवर्गातली वजनदार मंडळी विरोधात उतरली. चार महिने वाद चालला. ब्रँडाइस स्वतः समितीपुढे आलेच नाहीत, कारण न्यायाधीश होणाऱ्याने असं हजर राहणं तेव्हा प्रशस्त मानलं जात नसे. समितीत १० विरुद्ध ८ आणि सिनेटमध्ये ४७ विरुद्ध २२ मतांनी ते निवडले गेले.

स्वतः हजर राहण्याचा पायंडा हार्लन स्टोन यांनी १९२५ मध्ये पाडला. ॲटर्नी जनरल असताना एका सिनेटरवरच्या खटल्याबाबत त्यांच्यावर आक्षेप होता. ते आले आणि उत्तरं देऊन गेले. पुढे १९५४ मध्ये शाळांमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणारा निकाल लागला. दक्षिणेतल्या संतप्त सिनेटरांना नव्या न्यायाधीशांना जाब विचारायचा होता, आणि १९५५ पासून प्रत्येक उमेदवाराची हजेरी हा शिरस्ताच झाला. ही प्रथा रुजण्यामागे वर्णद्वेषाचाही हात होता, हे विसरून चालणार नाही. पण १९६७ मध्ये याच समितीपुढे, त्याच दक्षिणेतल्या सदस्यांच्या खोचक प्रश्नांना सामोरे जाऊन, थर्गुड मार्शल न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. १९८१ मध्ये सँड्रा डे ओ'कॉनर यांच्या सुनावणीला दूरचित्रवाणीचे कॅमेरे आले आणि समितीचं दालन घराघरांत पोहोचलं.

या कामाचं मोल पाहायचं तर १९८७ कडे वळायला हवं. रॉबर्ट बोर्क हे नामांकित विद्वान. घटनेत न लिहिलेला खासगीपणाचा सर्वसाधारण अधिकार न्यायालयांनी शोधून काढू नये, असं त्यांचं मत होतं. पाच दिवस ते स्वतः बोलले, काही न लपवता बोलले. समितीने ९ विरुद्ध ५ मतांनी प्रतिकूल शिफारस केली आणि सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाव नाकारलं. त्यानंतर त्या जागेसाठी आलेले अँथनी केनेडी यांनी समितीपुढे खासगीपणाला घटनेचं संरक्षण असल्याचं मान्य केलं आणि ते ९७ विरुद्ध ० मतांनी निवडले गेले. २००५ मध्ये जॉन रॉबर्ट्स यांनाही हाच प्रश्न आला आणि त्यांनीही तो अधिकार मान्य केला. एका सुनावणीने पुढच्यांसाठी एक किमान रेघ आखून दिली.

त्याच सुनावणीतून उमेदवार दुसराही धडा शिकले: कमीत कमी बोलावं. उद्या न्यायालयापुढे येऊ शकेल अशा विषयावर मत देणार नाही, असं आता प्रत्येक जण सांगतो. न्यायाधीशाने निकाल आधीच कबूल करू नये, हे रास्तच आहे. पण त्या आडोशाने साधी सरळ उत्तरंही टाळली जातात. म्हणून सुनावणी फोल ठरते, असं मात्र मला वाटत नाही. शपथेवर दिलेलं उत्तर छापील नोंदीत राहतं आणि न्यायाधीशाचा निकाल त्याच्याशेजारी ठेवून कुणीही वाचू शकतं.

प्रश्न विचारणाऱ्यांचीही परीक्षा होते. १९९१ मध्ये कायद्याच्या प्राध्यापक अनिता हिल यांनी क्लॅरेन्स थॉमस यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला. त्यांची उलटतपासणी घेणाऱ्या समितीतले चौदाही सदस्य पुरुष होते, आणि सारा देश ते पाहत होता. थॉमस ५२ विरुद्ध ४८ मतांनी न्यायाधीश झाले. पण पुढच्याच निवडणुकीत चार नव्या स्त्रिया सिनेटवर निवडून आल्या आणि १९९३ मध्ये त्यांतल्या दोघी, डायन फाइनस्टाइन आणि कॅरल मोझली ब्राउन, न्यायिक समितीत बसल्या.

पायंडा मोडणंही किती सोपं असतं, ते २०१६ ने दाखवलं. फेब्रुवारीत न्यायमूर्ती स्कॅलिया यांचं निधन झालं. समितीतल्या अकराही रिपब्लिकन सदस्यांनी पत्र लिहून कळवलं, की पुढचा राष्ट्राध्यक्ष शपथ घेईपर्यंत कुणाचीही सुनावणी घेणार नाही. त्या जागेसाठी आलेलं मेरिक गारलंड यांचं नाव २९३ दिवस पडून राहिलं आणि अमेरिकी काँग्रेसच्या मुदतीबरोबर संपलं. त्यांना कुणी नाकारलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. २०२२ मध्ये केतांजी ब्राउन जॅक्सन यांच्या नावावर समितीत ११-११ अशी बरोबरी झाली आणि पूर्ण सिनेटला वेगळं मतदान करून ते नाव बाहेर काढावं लागलं. सुनावणी मात्र झाली होती, चार दिवस, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांनी ती पाहिली होती.

आपल्याकडे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांतली नावं १९९३ पासून न्यायाधीशांचं कॉलेजियम सुचवतं. त्याला पर्याय म्हणून आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केला. त्यामागची न्यायालयाच्या स्वातंत्र्याची काळजी खरी होती, आणि अमेरिकेतली पक्षीय चुरस पाहिली की ती अधिकच पटते. तिथली पद्धत जशीच्या तशी उचलून आणावी, असं मी म्हणणार नाही. पण आपल्या संसदीय समित्याही साक्ष बंद दाराआड घेतात, आणि मोठ्या पदावर बसणाऱ्याला त्याआधी उघडपणे काही विचारण्याची सोय आपल्याकडे कुठेच नाही. ज्याच्या सहीने लोकांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता ठरणार, त्याने एकदा तरी लोकांसमोर बसून आपली भूमिका सांगावी, ही मागणी रास्त आहे. तिचं स्वरूप काय असावं, यावर आपण वाद घालू. पण तो वाद आता सुरू व्हायला हवा.