न हंसणारा विदूषक

विनोदी नटानें स्वतः हंसूं नये, हा रंगभूमीवरील जुनाच दंडक. परंतु त्या दंडकाचेंच शस्त्र करून समाजाच्या वेडेपणावर नेम धरणारा नट म्हणून अमेरिकेच्या बस्टर कीटनचें (१८९५–१९६६) नांव घ्यावें लागतें. लहानपणींच तो आईबापांबरोबर रंगमंचावर उतरला. आदळआपट सोसूनहि चेहरा निर्विकार ठेवला तर प्रेक्षक अधिकच हंसतात, हें मर्म त्याला तेथेंच उमगलें.

१९२० ते १९२३ या काळांत त्यानें स्वतःचे १९ लघु मूकपट काढिले. त्यांतील 'वन वीक' (१९२०) मध्यें तो नवविवाहित तरुण आहे. आहेरांत त्याला सुटे भाग जुळवून उभारावयाचें घर मिळतें. एक प्रतिस्पर्धी खोक्यांवरील आंकडे गुपचूप बदलतो. तरुण मात्र आंकड्यांबरहुकूम काम करीत राहतो, आणि घर वेडेंवांकडें उभें राहतें! शेवटीं आगगाडी त्याचा चुराडा करते. तेव्हां 'विकणें आहे' अशी पाटी लावून, तिला जुळणीचें सूचनापत्र जोडून, तो पत्नीसह शांतपणें निघून जातो. 'द प्लेहाऊस' (१९२१) च्या आरंभीं वादक, नट, प्रेक्षक, सारे तोच! सर्व श्रेय स्वतःकडे घेणाऱ्या निर्मात्यांना हा टोला होता. भिंग भागाभागानें झांकून आणि तीच फीत पुन्हां मागें गुंडाळून ही किमया साधली होती.

'कॉप्स' (१९२२) मधील विनोद अधिक कडू आहे. प्रेयसीच्या अटीमुळें मोठा व्यावसायिक होण्यास निघालेला हा सरळमार्गी तरुण पोलिसांच्या संचलनांत सांपडतो. दुसऱ्यानें टाकलेल्या बाँबचें बालंट त्याच्यावर येतें आणि शहरांतील सारे पोलीस मागें लागतात. त्या सर्वांना तो चौकींत कोंडतो खरा. पण प्रेयसीनें तोंड फिरवितांच स्वतःच दार उघडून त्यांच्या हातीं सांपडतो. शेवटच्या दृश्यांत उरतो तो केवळ थडग्याचा दगड व त्यावरील त्याची चपटी टोपी.

या भूमिकांतील मनुष्य बंडखोर नव्हे. तो नियम पाळणाराच आहे. तो रडत नाहीं, तक्रारहि करीत नाहीं. म्हणूनच दोष त्याच्या मूर्खपणाचा न दिसतां त्याच्या भोंवतालच्या व्यवस्थेचा दिसूं लागतो.

१९२८ मध्यें मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीशीं करार केल्यावर त्याचें स्वातंत्र्य ओसरलें. तथापि १९६५ च्या 'फिल्म' या लघुपटासाठीं सॅम्युएल बेकेटच्या कथेला हाच नट लाभला. तेथें त्याचा चेहरा जवळजवळ शेवटपर्यंत प्रेक्षकांपासून लपविलेला आहे. ज्या चेहऱ्यानें सहसा हंसून दाखविलें नाहीं, त्याच्या दर्शनासाठीं प्रेक्षकांनीं ताटकळत राहावें, यांतच त्या नटाचें सामर्थ्य आहे.