माणसं आणि रीती (भाग ७) : रुमालाखालचा भाव

मागच्या भागात भेटीगाठीच्या रीती पाहिल्या. आज नकाराकडे वळू. आपल्या भागातली बरीच भांडणं नकार दिला म्हणून होत नाहीत, दिलेला नकार समोरच्याला कळला नाही म्हणून होतात.

माळेगावच्या यात्रेत जनावरांचा बाजार पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. दलाल विकणाऱ्याचा हात रुमालाखाली घेतो, बोटं दाबून भाव सांगतो. तोंडातून आकडा निघत नाही. पटलं नाही तर हात सोडायचा, विषय संपला. चारचौघांत कुणाचा पाणउतारा होत नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६च्या ‘बियाँड कल्चर’मध्ये नेमकी हीच तऱ्हा मांडली. जिथं माणसं एकमेकांना ओळखून असतात, तिथं शब्दांवर थोडंच सोपवलेलं असतं. बाकीचं नातं आणि प्रसंग सांगतो. जपानी आणि अरब त्यांनी या बाजूला ठेवले, जर्मन आणि स्विस दुसऱ्या टोकाला.

अर्धापूरची केळी आखातात, इराणात जातात. त्या इराणात ‘तारोफ’ नावाची रीत आहे. दुकानदार पैसे घ्यायला आधी नकोच म्हणतो. गिऱ्हाइकानं आग्रह धरायचा, मग तो घेतो. पहिल्याच नकाराला खरं मानून पाकीट खिशात घालणारा अडाणी ठरतो. आपल्याकडं ‘जेवून जा’ म्हटल्यावर पाहुणा दोनदा ‘आत्ताच झालं’ म्हणतो आणि तिसऱ्यांदा पाटावर बसतो, त्यातलाच हा प्रकार. अर्धापूरच्या माणसाला तेहरानचा दुकानदार चटकन उमगेल. अडतं ते चाकणला.

समजा, इथला एक इंजिनिअर तिथल्या जर्मन कंपनीत लागला. साहेब विचारतो, “शुक्रवारपर्यंत होईल?” हा म्हणतो, “ट्राय करतो सर.” आपल्या कानाला हा सरळ नकार आहे. साहेब मात्र शुक्रवार लिहून मोकळा होतो. मग शुक्रवारी भर मीटिंगमध्ये “हे चुकलंय, पुन्हा करा” म्हणतो आणि पाच मिनिटांनी हसतहसत जेवायला बोलावतो. पोराच्या घशाखाली घास उतरत नाही.

मराठवाड्याचा माणूस रोखठोक, असं आपण छाती काढून सांगतो. तो रोखठोक असतो दोस्तांशी. साहेबापुढं मान खाली. डच संशोधक गेर्ट हॉफस्टेड यांनी वरिष्ठ-कनिष्ठातलं अंतर लोक कितपत गृहीत धरतात, याचा निर्देशांक काढला. भारत ७७, जर्मनी ३५. हे आकडे मुळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या १९६७ ते १९७३मधल्या पाहण्यांवर उभे आहेत. केळीच्या बागेत कुणी प्रश्नावली घेऊन आलं नव्हतं, त्यामुळं त्यांवर फार भिस्त ठेवू नये. दिशा तेवढी बरोबर वाटते.

आग्रह, आडपडदा, मान राखणं यात कमीपणा नाही. पण कामाच्या तारखेला रुमाल नको. बाहेर नोकरीला निघालेल्या पोरांनी एवढं एक वाक्य तोंडात बसवावं : “शुक्रवारी जमणार नाही सर, मंगळवारी देतो.” पुढच्या आठवड्यात, दोस्ताला ‘थँक्यू’ म्हटलं की तो का चिडतो, ते पाहू.