जुन्या जीपचे बाह्यांग

अमेरिकेची उघडी मोटार म्हटली की 1959 च्या कॅडिलॅकचे मागचे उंच पंख, क्रोमचा मुलामा दिलेले बंपर आणि दुमडून ठेवता येणारे कापडी छत हेच बहुधा डोळ्यांपुढे येते. परंतु महाराष्ट्राच्या डोंगराळ भागाने ज्या उघड्या अमेरिकी गाडीला आपलेसे केले ती विलिसची जीप होय. 1941 पासून युद्धासाठी तयार झालेल्या या गाडीला 1945 मध्ये नागरी रूप मिळाले, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या, पुढे 1948 मध्ये महिंद्र अँड महिंद्र हे नाव घेतलेल्या कंपनीने मुंबईत तिची जोडणी सुरू केली. नव्या, अधिक उंच इंजिनामुळे बोनेट वर उचलावे लागलेले सीजे-3बी हे 1953 चे रूप अमेरिकेत 1968 मध्ये थांबले, तरी भारतात ते त्यानंतरही बनत राहिले.

सातपुड्यातील धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण. तळोद्याहून येणारा चांदसैलीचा घाट, तोरणमाळचे पठार आणि नर्मदेकडे उतरणारे पाड्यांचे रस्ते यांवर जीपची उपयुक्तता वेगळी सिद्ध करण्याची गरज नाही. तिच्या बाह्यांगाची खरी परीक्षाही येथेच होते, कारण घाटातला पाऊस आणि चिखल पत्र्याची लहानशी उणीवही उघडी पाडतात.

बाह्यांगाची अवस्था ठरवताना रंगाची चकाकी हा सर्वांत फसवा निकष आहे. जीपची बांधणी जवळजवळ सपाट पत्र्यांची असल्याने ती सोपी वाटते, पण डेंटरच्या दृष्टीने सपाट पत्रा हाच अवघड असतो. वक्र भागावरची किंचित लाट नजरेतून सुटते, सपाट बाजूवरची मात्र तिरप्या उजेडात लगेच दिसते. ठोकर बसलेला पत्रा ताणला जातो आणि केवळ ठोकून सरळ केला तरी मधोमध फुगून राहतो, म्हणून कुशल कारागीर त्या जागी एक लहान ठिपका तापवून ओल्या फडक्याने झटकन थंड करतो, ज्यामुळे धातू आक्रसतो आणि पत्रा पुन्हा ताठ होतो. हा संयम जेथे नसतो तेथे खड्ड्यात पुट्टी, म्हणजे रंगाखाली भरायचा लगदा, भरली जाते. पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक अशा जागी धरत नाही आणि बोटाने वाजवल्यास आवाज बद्द येतो. कारखान्यातील जोड ओळखण्याची खूण म्हणजे कडेने ठरावीक अंतरावर दिसणारे बिंदु-वेल्डचे गोल खळगे. त्यांच्या जागी वेल्डिंगची सलग, खडबडीत रेघ दिसली तर पत्रा बदललेला आहे, असे बहुतेक वेळा समजावे.

सर्वाधिक लक्ष द्यावे असा भाग मात्र बाहेरून दिसतच नाही. पुढची काच चौकटीसह बोनेटवर आडवी पाडता येते, आणि त्या चौकटीखालची रबरी पट्टी जुनी झाली की पाणी आत झिरपून पायांखालच्या पत्र्यावर साचते. युद्धकालीन जीपमध्ये या तळपत्र्याखाली, त्याला बळ देण्यासाठी, टोपीच्या आकाराच्या पोलादी पन्हळी जोडलेल्या असत आणि त्यांत लाकडी पट्ट्या बसवलेल्या असत. ते लाकूड ओलावा धरून ठेवते, त्यामुळे गंज आतून बाहेर येतो आणि वरचा रंग शाबूत असतानाच खालचा आधार संपलेला असतो. म्हणून जुनी जीप पाहताना आधी खाली वाकून टोच्याने पन्हळी तपासाव्यात आणि मगच बोनेटकडे पाहावे. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असल्याने तिच्याभोवतीचा पत्राही याच कारणासाठी तपासण्याजोगा आहे. कापडी हुडाचे आयुष्य मुळातच मर्यादित असते, त्यामुळे ते नवे असणे दोषाचे नाही. त्याच्या लोखंडी कमानी मूळ असणे अधिक महत्त्वाचे.

अडचण पुढे आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीनंतर 50 वर्षे पूर्ण झालेली आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी विंटेज ठरते. तिची नवी नोंदणी 20,000 रुपये शुल्कावर 10 वर्षांसाठी होते, पण नियमित वा व्यावसायिक वाहतुकीसाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती इतकीच मोकळीक तिला आहे. अर्थात जी जीप धडगावच्या पाड्यांपर्यंत माणसे आणि धान्य पोहोचवते तिला हा दर्जा मिळणार नाही, आणि तिचा मूळ पत्रा जपण्यासाठी कायद्याकडून कोणतेही प्रोत्साहन नाही. गॅरेजमध्ये सोयीचा मार्ग म्हणजे संपूर्ण नवी बॉडी बसवणे. काही दिवसांत गाडी चकाचक होते, पण तिचा मूळ सांगाडा भंगारात जातो आणि तो पुन्हा कधीही मिळत नाही. जाडी न जुळणारा पत्रा जोडल्यास तर जोडाजवळच नवी भेग पडण्याचा धोका राहतो.

ज्यांच्या दारात अशी जीप अजून उभी आहे त्यांनी काम सुरू करण्यापूर्वी तिची चारही बाजूंनी आणि खालून छायाचित्रे काढावीत, फक्त गंजलेला भागच कापून तेथे तितक्याच जाडीचा पत्रा जोडण्याचा आग्रह डेंटरकडे धरावा, आणि आसनाखालच्या जुन्या रंगाचा एक तुकडा न घासता तसाच राहू द्यावा.