कारवानीची शुद्धता: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मंगळवेढ्याचे नाव ज्वारीशी जोडलेले आहे. इथल्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या काळ्या, मोकळ्या रानात ही ज्वारी पिकते, त्याच रानात एका देशी कुत्र्याची जात पिढ्यान्पिढ्या वाढली. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि नजरेने सावज हेरून सुटणारा वेग, असा हा कारवानी. सोलापूर, सांगलीपासून विजापूर, बागलकोटपर्यंत वस्त्यावस्त्यांवर तो दिसतो. अलीकडे त्याला मागणी आली, किंमत आली आणि त्याबरोबर ऐकीव गोष्टींचे पीकही आले. त्यातल्या काही निरुपद्रवी आहेत. काहींचे परिणाम मात्र कुत्र्याला आणि कधी माणसालाही भोगावे लागतात.

“मुधोळ हाउंड वेगळा आणि कारवानी वेगळा, मुधोळच खरा.”

जात एकच आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया तिची नोंद ‘कॅराव्हान हाउंड’ म्हणून करतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. दोन संस्था, दोन नावे, त्यामुळे दोन जाती असाव्यात असे वाटणे साहजिक आहे. मुधोळचे नाव मोठे झाले ते तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांच्यामुळे. त्यांनी ही जात निगुतीने जोपासली. टपाल खात्याने 2005 साली देशी कुत्र्यांची तिकिटे काढली तेव्हाही ‘मुधोळ हाउंड’ हेच नाव छापले. मालोजीरावांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला या कुत्र्यांची जोडी भेट दिल्याची हकीकत सर्वत्र सांगितली जाते आणि तिला काही जण 1937 हे साल जोडतात. पाचवा जॉर्ज जानेवारी 1936 मध्येच वारला होता, तेव्हा निदान ते साल तरी खरे असू शकत नाही. मंगळवेढ्याच्या वस्तीवर जन्मलेले पिल्लू मुधोळच्या पिल्लाहून कमी प्रतीचे ठरावे, असे या इतिहासात काहीही नाही. कान, पाय आणि शेपटीवर लांब रेशमी केस असलेल्या कुत्र्याला या भागात पश्मी म्हणतात. त्याची ओळख त्या केसांवरूनच पटते.

“कागद आहे म्हणजे कुत्रा अस्सल.”

केनेल क्लब ऑफ इंडिया 1908 पासूनची संस्था आहे आणि तिच्या नोंदणीला मोल आहे. पण त्या कागदावर पिल्लाचे आईबाप लिहिलेले असतात ते पैदासकाराने कळवले म्हणून. आता मायक्रोचिपची सक्ती असल्याने एका कुत्र्याचा कागद दुसऱ्याच्या नावावर खपवणे अवघड झाले, हा मोठा फायदा. चिप कुत्र्याची ओळख पटवते. त्याचा बाप कोण, हे फक्त डीएनए चाचणी सांगते. शिवाय कुत्र्याचे सांधे, हृदय, स्वभाव यांबद्दल कागद काही बोलत नाही. म्हणून कागद जरूर पाहावा आणि त्याबरोबर पिल्लाची आईही डोळ्यांनी पाहावी. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये.

“गावठी कुत्रा एकदा लागला की कुत्री कायमची बाटते.”

हा समज इतका पक्का आहे की त्यापायी चांगल्या कुत्र्या हाकलून दिल्या जातात. एकदा रस्त्यावरच्या कुत्र्याशी संग झाला, की पुढची प्रत्येक वीण भेसळीची होणार असे मानले जाते. जगभरच्या पैदासकारांनी हे शतकानुशतके मानले आहे, तेव्हा मंगळवेढ्यातल्या माणसाने मानले तर त्यात त्याला हसण्यासारखे काही नाही. लॉर्ड मॉर्टन यांच्या घोडीची हकीकत 1821 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापली. आधी क्वाग्गा या पट्टेदार प्राण्याशी संकर झालेल्या घोडीला पुढे काळ्या अरबी घोड्यापासून झालेल्या शिंगरांवरही पट्टे दिसले होते. डार्विननेही ती हकीकत गांभीर्याने घेतली. अखेर एडिंबरोचे प्राध्यापक कोसार इवार्ट यांनी झेब्रा आणि घोड्यांवर पद्धतशीर प्रयोग केले आणि 1899 साली निष्कर्ष मांडले. पहिल्या नराची छाप पुढच्या संततीवर पडत नाही आणि असे पट्टे झेब्र्याशी कधीही संबंध न आलेल्या घोड्यांच्या शिंगरांतही उमटतात.

पिल्लाला निम्मी गुणसूत्रे आईकडून आणि निम्मी त्या विणीच्या बापाकडून मिळतात. आधीच्या नराचा त्यात वाटा नसतो. मग समज टिकतो कसा? त्याची दोन कारणे आहेत. एकाच माजात दोन नर लागले, तर एकाच विणीत दोन बापांची पिल्ले जन्मू शकतात. मालकाने आणलेला नर त्याला ठाऊक असतो. कुंपणावरून येऊन गेलेला दुसरा ठाऊक नसतो. दुसरे कारण माजाच्या हिशेबात आहे. रक्तस्राव फिका पडला किंवा थांबला की ‘माज संपला’ म्हणून कुत्रीला मोकळी सोडतात. माज साधारण तीन आठवडे चालतो आणि स्राव फिका पडण्याचा तो काळच गर्भ राहण्याचा असतो. त्यातून नराचे शुक्रजंतू कुत्रीच्या शरीरात कित्येक दिवस जिवंत राहतात. दोष कुत्रीचा नसतो. दार आठ-दहा दिवस आधी उघडलेले असते. ‘बाटली’ म्हणून टाकलेली कारवानी कुत्री पुढच्या माजाला चांगल्या नराकडून तितकीच अस्सल पिल्ले देते.

“सख्ख्या नात्यात लावले की जात शुद्ध राहते.”

अशा विणीतली पिल्ले एका छापाची निघतात, म्हणून हे पटते. पण जी पुनरावृत्ती चांगल्या गुणांची होते, तीच दडलेल्या दोषांचीही होते. सख्ख्या भावंडांच्या संकरात पिल्लाच्या कोणत्याही जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता 25 टक्के असते. आईकडून एक आणि बापाकडून एक अशी तीच सदोष प्रत मिळाली, की आजवर झाकलेला विकार उघड होतो. पिल्लांची संख्या घटते, काही जन्मतःच दुबळी असतात, कुत्री भरत नाही. कारवानीसारख्या मर्यादित संख्येच्या जातीला हे परवडणारे नाही. दोन तालुके पलीकडचा, वंश ठाऊक असलेला, निरोगी नर शोधण्याचे कष्ट घ्यावेत आणि कोणाला कोण लावला हे वहीत लिहून ठेवावे.

“बरगड्या दिसतात म्हणजे कुत्रा उपाशी आहे.”

लॅब्राडोर पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांना कारवानी उपाशीच वाटतो. या धावणाऱ्या जातींच्या अंगावर चरबी फार कमी असते. निरोगी कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडे दिसतात. मांडीचे आणि कमरेचे स्नायू मात्र हाताला घट्ट, भरलेले लागायला हवेत. ते पोकळ लागले, कणा टोचू लागला, केस निस्तेज झाले, तर कुत्रा खरोखर उपाशी किंवा जंताने बेजार आहे. याच कमी चरबीमुळे आणि यकृताच्या वेगळ्या घडणीमुळे धावणाऱ्या जातींना थायोपेंटोन हे भुलीचे औषध सोसत नाही, शुद्धीवर यायला फार वेळ लागतो. शस्त्रक्रियेपूर्वी कुत्रा कोणत्या जातीचा आहे, हे पशुवैद्यकाला आवर्जून सांगावे.

“कारवानी भाकरी-दुधावरच वाढतो, दुसरे काही लागत नाही.”

अर्धे खरे आहे. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या ताटाजवळ राहिला आणि लांडग्यापेक्षा पिष्ट पदार्थ पचवण्याची त्याची क्षमता कितीतरी वाढली, हे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसून आले. ज्वारीची भाकरी त्याला पचते. पण ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक तोकडा आहे आणि कॅल्शियम तर फारच कमी. जुन्या काळी भाकरीवर वाढलेला कुत्रा रानात उंदीर-घुशी, मेलेले जनावर, हाडे खात होता. त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आज साखळीला बांधलेल्या पिल्लाला नुसती भाकरी मिळाली, तर पुढचे पाय वाकतात आणि त्याला ‘जातीचा बाक’ म्हणून गप्प बसतात. उकडलेले अंडे, मटण-कोंबडीचे तुकडे, दही हे भाकरीबरोबर रोज काही ना काही हवे. उलट टोकाला जाऊन नुसते मांस घालणेही चुकीचे. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असल्याने हाडे तशीच ठिसूळ होतात. मांस खाल्ल्याने कुत्रा माणसावर उलटतो, यालाही आधार नाही.

“कान कापले की कुत्रा तिखट होतो.”

होत नाही. लांडग्याशी झटापट होताना लोंबता कान फाटतो, म्हणून मेंढपाळांत ही रीत रुजली असावी. तिखटपणाची गोष्ट मागाहून चिकटली. कुत्र्याचा स्वभाव आनुवंशिकतेवर आणि तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात त्याने काय पाहिले, अनुभवले यावर घडतो. त्या वयात कात्रीने दिलेली वेदना त्याला माणसाच्या हाताची भीती शिकवते आणि भ्यालेला कुत्रा आधी घरच्यांनाच चावतो. श्वान पैदास व विक्रीच्या 2017 च्या नियमांनीही कान कापण्याला बंदी घातली आहे.

“पिल्लू जितके लहान आणावे तितका लळा लागतो.”

त्याच नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू भावंडांशी खेळतानाच शिकते. महिन्याभराचे उचलून आणलेले पिल्लू ते शिकत नाही आणि पार्वोसारख्या रोगालाही पटकन बळी पडते.

“सशामागे सोडला नाही तर कारवानी बिघडतो.”

हा कुत्रा त्याच कामासाठी घडला, म्हणून हे तर्काला धरून वाटते. त्याला धावण्याची गरज आहे, सशाची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या शिकारीच्या व्याख्येत पाठलाग करवणेही येते. ससा असो वा काळवीट, कुत्रा मागे सोडणे हा कैदेचा गुन्हा आहे. सकाळी ऊन चढण्याआधी कुंपण असलेल्या मोकळ्या रानात दोन-चार जोरकस धावा त्याला पुरतात.

“प्रदर्शन म्हणजे उंच आणि देखण्या कुत्र्याची निवड.”

रिंगणाबाहेरून तसेच दिसते. प्रत्यक्षात परीक्षक कुत्र्यांची तुलना जातीच्या लिखित मानकाशी करतो. तो ओठ उचलून दातांचा जुळाव पाहतो, खांद्यापासून कमरेपर्यंत हात फिरवतो, नराचे दोन्ही अंडकोष उतरले आहेत का हे तपासतो. मग कुत्र्याला सरळ आणि त्रिकोणात पळवून पाय कसे पडतात हे पुढून, मागून, बाजूने पाहतो. कारवानी नराची उंची सत्तर सेंटीमीटरच्या आसपास अपेक्षित आहे. त्याहून फार उंच कुत्रा हे वैगुण्य ठरते. केवळ उंचीच्या हव्यासापोटी ग्रेहाउंडचे रक्त मिसळणारा जातीचे नुकसान करतो, मग जत्रेतल्या स्पर्धेत त्याला कितीही टाळ्या मिळोत. कारवानीला परक्याचा स्पर्श मुळातच आवडत नाही. प्रदर्शनात न्यायचा असेल, तर पिल्लूपणापासून शेजारीपाजारी, पाहुणे यांच्याकडून त्याचे दात पाहण्याची, पाय उचलण्याची सवय करावी. रिंगणात पहिल्यांदाच परका हात लागला, तर उत्तम कुत्राही अंग चोरतो आणि त्याची चाल दिसतच नाही.

“घरच्या जातिवंत कुत्र्याला रेबीज होत नाही.”

रेबीज जात ओळखत नाही. पिसाळलेल्या प्राण्याची लाळ जखमेत गेली, की कारवानीलाही होतो आणि दोन महिन्यांच्या पिल्लालाही. वस्तीवरचा कुत्रा रात्री रानात असतो, कोल्ह्या-लांडग्यांशी त्याची गाठ पडते, त्यामुळे बंगल्यातल्या कुत्र्यापेक्षा त्याला धोका अधिकच. लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. पोटात चौदा इंजेक्शने देण्याची जुनी लस देशात 2005 च्या सुमारास बंद झाली. आता दंडात मोजके डोस दिले जातात आणि खोल जखम असेल तर सीरमही. चावलेल्या जागी मिरची, चुना, हळद भरू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. कुत्र्याला तीन महिन्यांचा असताना लस द्यावी, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती पुन्हा टोचावी आणि त्यानंतर दरवर्षी न चुकता द्यावी. मागच्या वर्षीची राहिली असेल, तर या आठवड्यात द्यावी.