उकळणारा दगड : ‘झिओलाइट’ या नावाची व्युत्पत्ती

स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ अक्सेल क्रोनस्टेट यांनी १७५६ साली एका खनिजाचा तुकडा फुंकनळीच्या, म्हणजे ज्योत फुंकरीने एकवटून तीव्र करणाऱ्या नळीच्या, आचेवर धरला, तेव्हा तो फसफसून फुगला. या गुणावरूनच त्यांनी ‘झेओ’ (उकळणे) आणि ‘लिथोस’ (दगड) हे ग्रीक शब्द जोडून ‘झिओलाइट’ हे नाव घडवले. अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या जाळीदार सांगाड्यातील पोकळ्यांत अडकलेले पाणी तापताच वाफ होऊन बाहेर पडते, हे त्यामागचे कारण आहे. सांगाड्याची ही रचना पुढे विसाव्या शतकात क्ष-किरणांनी उलगडली, म्हणून केवळ निरीक्षणावर बेतलेले ते नाव इतके नेमके ठरावे, हे विशेष मानले पाहिजे.

दख्खनच्या बेसॉल्टमधील पोकळ्यांत झिओलाइटांच्या सोबतीने आढळणाऱ्या ‘अपोफिलाइट’चे नावही आचेशीच निगडित आहे. पाणी गमावताना त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञ आयुई यांनी ‘अपो’ (पासून, दूर) आणि ‘फिलॉन’ (पान) या ग्रीक शब्दांवरून ते योजले. ‘स्टिल्बाइट’ या झिओलाइटाचे नाव मात्र चकाकीवरून, ‘स्टिल्बाइन’ (चमकणे) या ग्रीक क्रियापदापासून आलेले आहे.