नाव बदलते, क्रमांक राहतो

कोल्हापूरला समुद्र नाही. जहाजे न्याहाळण्याचा, त्यांची छायाचित्रे टिपण्याचा छंद जोपासायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरीला जावे लागते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळात तेथील मिऱ्या किनाऱ्यावर 'बसरा स्टार' हे जहाज अडकले आणि पुढे ते पाहण्यास गर्दी लोटू लागली. जाणकार छायाचित्रकार मात्र जहाजाच्या नावासोबत त्याचा सात अंकी आयएमओ क्रमांकही टिपतो. हा क्रमांक मागील भागावर किंवा बाजूवर ठळक उमटवलेला असतो. मालक, ध्वज, नाव बदलले तरी जहाज भंगारात निघेपर्यंत तो बदलत नाही. क्रमांक व तारीख नोंदवलेले छायाचित्र म्हणूनच पुराव्याचे मोल पावते. अलंगला जहाज तोडले गेल्यावर पुष्कळदा त्याची तेवढीच खूण उरते.