किनाऱ्यावरच्या फोटोत चेहरा काळा का येतो?

केळवे, चिंचणी, डहाणू, पालघरचा सगळा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणून संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं की चेहरा हमखास काळवंडतो. कॅमेऱ्याचा मीटर सगळं दृश्य मध्यम करड्या छटेचं धरतो आणि मागचं आकाश लखलखीत दिसताच उजेड आवरता घेतो. म्हणून कॅमेऱ्यातलं उजेड कमी-जास्त करणारं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ करा. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी वाढवा. आकाश थोडं पांढरं पडलं तरी चालेल, डोळे दिसायलाच हवेत.

दुपारी केळव्याच्या सुरूच्या बनात, सावलीच्या कडेला, ज्याचा फोटो काढायचा त्याला उघड्या वाळूकडे तोंड करून उभं करा. वाळूवरून परतणारा उजेड हनुवटीखालची सावली हलकी करतो. गालावर कवडसे मात्र नकोत. क्षितिजरेषा मानेतून जात असेल तर कॅमेरा छातीच्या उंचीवर आणा.